रात्रीच्या गाडीत मोठ्याने मोबाईल लावणारे, आपल्या बर्थवर ठाण मांडून बसणारे सहप्रवासी भेटले तर भांडण न करता काय करावे?

तुम्ही लिहिलंय की लोअर बर्थ तुमचा होता, तरी समोरचं कुटुंब रात्री बारापर्यंत त्यावर बसून जेवलं, मोबाईलवर मालिका बघितली आणि तुम्ही खिडकीला डोकं टेकून गप्प बसून राहिलात. वाचताना मला माझीच पहिली काही वर्षं आठवली.

मी ठाण्याला नोकरी करते, आई वर्ध्याला एकटी असते. नऊ वर्षं झाली, महिन्या-दीड महिन्याने एक रात्र जायची आणि एक रात्र यायची. तिकीट मिळेल तसं, कधी स्लीपर, कधी थर्ड एसी. तेवढ्या रात्रींच्या भरवशावर लिहितेय.

आधी एक कडू गोळी. दहा वाजेपर्यंत तो बर्थ तुमचा एकटीचा नव्हताच. दिवसा लोअर बर्थ म्हणजे लोअर, मिडल आणि अप्पर अशा तिघांचं बाकडं. रेल्वे बोर्डाने 2017 च्या ऑगस्टअखेरीस परिपत्रक काढून झोपायची वेळ रात्री 10 ते सकाळी 6 अशी ठरवली (त्याआधी ती नऊला सुरू व्हायची). म्हणजे सातला गाडीत चढल्या चढल्या चादर अंथरून आडवं व्हायचा हक्क लोअरवाल्याला नाही आणि नऊला मिडल बर्थ उघडून साखळ्या अडकवायचा हक्क मिडलवाल्यालाही नाही. आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांना जास्त वेळ झोपायचं असेल तर सहकार्य करा, असंही त्यातच म्हटलंय. साइड लोअरचं तेच. दिवसा साइड अप्परवाला तिथेच बसणार, आणि आरएसी (म्हणजे अर्ध्या बर्थचं तिकीट) असेल तर एका बर्थवर दोघं, रात्रभर. त्यात कोणाचा उद्धटपणा नसतो, तिकीटच तसं असतं.

पण दहानंतर मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. चूक एवढीच झाली की तुम्ही बारापर्यंत थांबलात. आमच्या गाडीला नाशिकरोड येईपर्यंत दहा वाजून जातात, म्हणून मी इगतपुरीलाच पेरणी करून ठेवते. घाट चढून गाडी तिथे थांबली, चहावाला येऊन गेला की सहज म्हणायचं, "नाशिक गेलं की मी आडवी होईन हं, सकाळी लवकर उतरायचंय." एवढंच. यात तक्रार नाही की विनंतीही नाही, नुसती वर्दी आहे. लोकांना आवरायला अर्धा तास मिळतो, डबे वेळेवर उघडतात आणि दहाला तुम्ही चादर काढलीत की कोणाला उठवून लावल्यासारखं वाटत नाही. बारा वाजता दोन तासांचा राग पोटात घेऊन बोललेलं तेच वाक्य ओरडल्यासारखं बाहेर पडतं. मग समोरचाही म्हणतो, "एवढं होतं तर आधी बोलायचं ना बाई." आणि खरं सांगू, त्याचंही काही चुकत नाही.

आता मोबाईल. हा रोग मोठा. रेल्वेने सूचना काढल्यात की मोठ्याने बोलणं, स्पीकरवर गाणी लावणं, रात्री दहानंतर दिवे लावून ठेवणं (रात्रीचा मंद दिवा सोडून) चालणार नाही, आणि टीसी, डब्यातला कर्मचारी यांनी लोकांना तसं सांगावं. म्हणजे नियम तुमच्या बाजूचा आहे. तरीसुद्धा माझं ऐका, नियम पहिल्या वाक्यात काढू नका. "रूल आहे, माहितीय का?" म्हटलं की समोरच्याला आवाज कमी करायचा नसतो, आता जिंकायचं असतं. "तुमच्याकडे इयरफोन नाहीत का?" हे त्याहून वाईट. प्रश्न दिसतो, पण असतो टोमणा, आणि टोमणा आपल्याकडे पाचवीतल्या पोरालाही कळतो.

चालतं ते वेगळंच. उठून त्याच्याजवळ जायचं. आपल्या जागेवरून बोललात तर आवाज चढवावा लागतो, अख्खा डबा ऐकतो आणि माणूस चारचौघांत माघार घेत नाही. हळू आवाजात, छोटी आणि मोजता येईल अशी गोष्ट मागायची: "दादा, आवाज जरा कमी करता का? मला साडेपाचला उतरायचंय." कारण खरं आणि साधं असावं. "लोकांना त्रास होतोय" म्हणू नका, लोक म्हणजे कोण? मला होतोय, म्हणजे मला. मग तिथून निघायचं. हे फार महत्त्वाचं. आवाज कमी होतो का हे बघत तिथेच उभं राहिलात तर तो माणूस तुमच्यासमोर हुकूम पाळतोय असं होतं. पाठ फिरवलीत की दोन मिनिटांत आवाज आपोआप खाली येतो. बहुतेक वेळा येतो. या लोकांमध्ये वाईट माणसं थोडी असतात. बाकीच्यांना आपला आवाज तीन बर्थ पलीकडे जातोय हे खरोखर कळलेलं नसतं.

दहा-बारा जणांचा गट असेल, लग्नाचं वऱ्हाड, ट्रेकवरून परतणारी पोरं, तर गटाशी बोलायला जाऊच नका. एकजण सॉरी म्हणतो, दुसरा काहीतरी विनोद मारतो, सगळे हसतात, आपण लाल होऊन परत. वऱ्हाडात सगळ्यात वयस्कर बाई शोधा. तिलाही झोपायचंच असतं, पण नातवंडांच्या आनंदात ती बोलत नाही. एकदा अशाच एका आजींपाशी जाऊन मी नुसतं विचारलं, "मावशी, तुम्हाला झोप लागते का हो एवढ्या गोंगाटात?" त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि वळून असा काही आवाज टाकला की पत्ते खेळणारे पाचही जण आपापल्या बर्थवर. पुढचा अर्धा डबाही चिडीचूप झाला. पोरांच्या गटात तसा एक शहाणा असतो, बहुधा तिकिटं काढलेला. त्याला गाठायचं.

लहान मुलांच्या बाबतीत मूल रडत असेल तर काहीही बोलू नका, आईचा जीव आधीच टांगणीला असतो. मूल टॅबवर मोठ्याने कार्टून बघत असेल तर मुलाला नाही, बापाला सांगा. आईला सगळे सांगतात.

घोरणं या यादीत नाही. तो बेपर्वाईचा नव्हे, नाकाचा प्रश्न आहे. औषधाच्या दुकानात कानात घालायचे बोळे मिळतात, तेवढाच उपाय.

"जरा ॲडजस्ट कराल का?" हा प्रश्न वेगळा, कारण इथे नाही म्हटलं की आपणच बेपर्वा ठरतो. रेल्वेच्या आरक्षणात साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांना शिल्लक असेल तर लोअर बर्थ आपोआप देतात. पण शिल्लक असेल तरच. म्हणून सत्तरीचे काका अप्परवर आणि मी खाली, असं होतं. तेव्हा मी देते, कुरकुर न करता. पण देण्याआधी तुम्हाला बदल्यात कोणता डबा, कोणता बर्थ मिळतोय हे त्यांच्या तिकिटावर डोळ्यांनी बघा. "इथेच आहे, जवळच" म्हणून दिलेला बर्थ माझ्या नशिबी तीन डबे सोडून शौचालयाशेजारचा साइड अप्पर निघाला होता, आणि तोवर ते कुटुंब पथारी पसरून घोरत होतं. अदलाबदल झाली की टीसीला सांगून ठेवा. आणि कोणाला फक्त मित्राशेजारी बसायचंय म्हणून तुमची जागा हवी असेल तर हसून "नाही जमणार" म्हणा, कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोडगा काढतात.

आता बोलून न ऐकणारे. एकदा सांगून झालं, दुसऱ्यांदा सांगून झालं, तिसऱ्यांदा सांगू नका. टीसीला गाठा. तो सापडत नसेल तर 139 वर फोन किंवा रेल मदद ॲपवर तक्रार. पीएनआर टाकला की तक्रारीचा क्रमांक येतो आणि गाडीतल्या माणसाकडे निरोप जातो. मी दोनदा वापरलंय. एकदा पुढच्या मोठ्या स्टेशनच्या आधीच टीसी आला, एकदा कोणी येईपर्यंत भुसावळ आलं आणि तंटा मिटलेला होता. टीसी आला की तुमची कहाणी सुरुवातीपासून सांगत बसू नका. "बर्थ 17 माझा आहे, दहा वाजून गेलेत, मला झोपायचंय." बस. शिकवायचं काम त्याच्यावर सोडा, त्याच्या अंगावर काळा कोट आहे, आपल्या नाही.

हे सगळं गोडीगुलाबीचं शहाणपण एका ठिकाणी गुंडाळून ठेवायचं: माणूस दारू प्यायलेला असेल, शिव्या देत असेल, किंवा तुमच्या अंगावर येत असेल, टक लावून बघत असेल. तिथे दादा-भाऊ काही नाही. जागा सोडा, शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये जिथे कुटुंब आहे तिथे जाऊन बसा आणि तिथून 139 लावा. दारू पिऊन गोंधळ, उपद्रव, अर्वाच्य भाषा यासाठी रेल्वे कायद्यात (1989 चा) कलम 145 आहे. त्याखाली गाडीतून उतरवता येतं आणि तुरुंगवासही होऊ शकतो. पण हे कलम त्याला तुम्ही ऐकवायचं नाही, आरपीएफने (रेल्वे सुरक्षा दलाने). एकटीने जात असाल तर आरपीएफच्या "मेरी सहेली" मोहिमेतल्या महिला पोलीस काही गाड्यांत सुटायच्या आधी येऊन बर्थ विचारून जातात. आल्या तर "काही नाही, ठीक आहे" म्हणून वाटेला लावू नका, नंबर मागून ठेवा.

आणि एक कबुली. तीन वर्षांपूर्वी बडनेऱ्याला पहाटे उतरायचं होतं म्हणून मी चार गजर लावले, फोन खालच्या चार्जिंगला लावला आणि स्वतः वर अप्परवर जाऊन गाढ झोपले. चौथ्या गजराला समोरच्या मिडलवरचे गृहस्थ उठून माझी चादर हलकेच ओढून म्हणाले, "ताई, तुमचा गजर फक्त आम्हालाच उठवून राह्यला." वऱ्हाडी माणूस. राग होता, पण वाक्य असं की मलाच हसू आलं आणि लाजही वाटली. त्यांनी मला बेशिस्त म्हटलं असतं तर मी नक्की चार्जिंगच्या पॉइंटच्या जागेवरून वाद घातला असता.

तेव्हापासून पर्समध्ये वायरचे स्वस्तातले इयरफोन जादा ठेवते. "हे घ्या, माझ्याकडे दोन आहेत" म्हटलं की नाही म्हणणारा अजून तरी भेटला नाही; फक्त आता निम्म्या फोनना ते लावायचं भोकच नसतं. गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या पोराला दिले. रात्रभर शांतता. अकोल्याला तो माझे इयरफोन कानात घालूनच उतरला.

नवीन घेतलेत, 120 रुपयांचे.