पीएचपीस्टॅननं हजारावर एरर्स दाखवल्या, आता काय करू?

प्रश्न: नमस्कार. आमची छोटी टीम आहे, एका होलसेल व्यापाऱ्याचं बिलिंगचं वेब अॅप सांभाळतो. कोड पीएचपी ५ च्या काळातला, आता ८ वर आणलाय. लाइव्हवर अधूनमधून 'कॉल टू अ मेंबर फंक्शन ऑन नल' येतं आणि पान पांढरं होतं, आमच्याकडे मात्र कधीच येत नाही. म्हणून पीएचपीस्टॅन हे कोडमधल्या चुका शोधणारं टूल चालवून बघितलं तर हजारावर एरर्स. सिनियर म्हणतात अॅप चाललंय ना, मग हे टूल काढून टाक. काढू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नका हो काढू. इतक्या जुन्या कोडवर हे लावून बघायचं तुम्हाला सुचलं हेच फार चांगलं झालं.

आधी ते नक्की काय करतं ते बघू, म्हणजे आकड्याची भीती कमी होईल. पीएचपीस्टॅन तुमचा कोड चालवत नाही, फक्त वाचतो, आणि प्रत्येक ओळीवर हिशोब ठेवतो की या व्हेरिएबलमध्ये आत्ता काय काय असू शकतं. तुम्ही टेस्ट करताना जो ग्राहक निवडता तो डेटाबेसमध्ये असतोच, म्हणून तुमच्याकडे सगळं नीट चालतं. पण ग्राहक शोधणारं फंक्शन सापडला तर ग्राहक देतं आणि नाही सापडला तर नल, म्हणजे 'काहीच नाही', देतं, आणि लाइव्हवर कुणीतरी डिलीट झालेल्या ग्राहकाचं जुनं बिल उघडतं, मग नलकडे नाव मागितलं जातं आणि पान पडतं. ही दुसरी शक्यता कामाच्या घाईत आपल्या डोक्यातून निसटते, टूलच्या नाही.

आणि पान पडतं ती चूक निदान दिसते तरी, मला जास्त काळजी गप्प राहणाऱ्या चुकांची वाटते. एक बघा. ईमेलमधला @ च्या आधीचा भाग काढून युजरनेम म्हणून सेव्ह करायचा, असा कोड कितीतरी ठिकाणी असतो: मजकुराचा तुकडा काढणाऱ्या सबस्ट्र फंक्शनला ईमेल द्यायचा, सुरुवात 0, आणि लांबी म्हणून स्ट्रपॉस या दुसऱ्या फंक्शननं शोधलेली @ ची जागा. आता कुणी @ न टाकताच फॉर्म भरला तर स्ट्रपॉस फॉल्स देतं, स्ट्रिक्ट टाइप्स (चुकीच्या प्रकारची किंमत आली तर लगेच एरर देणारी सेटिंग) लावलेले नसतील तर पीएचपी त्या फॉल्सचा मुकाट्यानं 0 करतं, लांबी 0 म्हणजे रिकामी स्ट्रिंग, आणि डेटाबेसमध्ये बिनानावाचा युजर जाऊन बसतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये काही नाही. पीएचपीस्टॅन लेव्हल 7 वर (लेव्हल जितकी वरची तितकी तपासणी कडक) ही ओळ बरोबर पकडतो: इथं इंट, म्हणजे पूर्णांक, पाहिजे, तुम्ही इंट किंवा फॉल्स देताय. हे वाचायला दोन सेकंद लागतात, नाहीतर तोच प्रकार सहा महिन्यांनी डेटाबेसमध्ये शोधायला अख्खा दिवस जातो.

आता तुमच्या हजार एरर्स. माझा अंदाज आहे की तुम्ही एकदम मॅक्स लेव्हल लावली असणार. लेव्हल्स 0 पासून आहेत, 2.0 व्हर्जनपासून 10 पर्यंत. 0 वर अस्तित्वातच नसलेले क्लास आणि फंक्शन्स, चुकीच्या संख्येनं दिलेले आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिलेल्या किमती) असल्या ढोबळ गोष्टी दिसतात. आर्ग्युमेंटचा टाइप 5 वर तपासला जातो, आणि तुम्हाला छळणारं नल प्रकरण 8 वर येतं. सुरुवात 0 पासून करा आणि तिथल्या सगळ्या एरर्स खरोखर दुरुस्त करा, त्या बहुतेक कमी असतात आणि त्यात हमखास एखादं असं फंक्शन सापडतं जे कधीच कुणी बोलावलं नाही म्हणून आजवर फुटलं नाही. मग 5 पर्यंत चढा.

त्यानंतर सरळ 8 लावा आणि बेसलाइन बनवा. जनरेट-बेसलाइन हा ऑप्शन देऊन चालवलं की आत्ताच्या सगळ्या एरर्स एका फाइलमध्ये नोंदल्या जातात आणि पुढच्या वेळी फक्त नवीन चुका दिसतात. म्हणजे जुनं कर्ज तसंच राहिलं तरी आजपासून उधारी बंद. एखादी जुनी चूक दुरुस्त झाली की पीएचपीस्टॅन स्वतःच सांगतो की बेसलाइनमधली ही नोंद आता लागू होत नाही, ती काढा. टीममध्ये एवढाच नियम ठेवा की ज्या फाइलला हात लावाल तिच्या नोंदी कमी करून उठायचं. सिनियरांना हा मार्ग दाखवा, त्यांचा विरोध टूलला नसून सगळं काम थांबवून हजार एरर्स निपटत बसायला असणार, आणि तो बरोबरच आहे.

एक कळकळीनं सांगतो. नलची एरर आली की प्रश्नचिन्हवाला नलसेफ बाण (समोर नल असेल तर न फुटता नुसतं नल देणारा) टाकून ती गप्प करायचा मोह होतो. टूल शांत होतं, पण बिलावर ग्राहकाच्या नावाची जागा कोरी छापली जाते. एररचा खरा प्रश्न वेगळाच आहे, ग्राहक डिलीट झाला असेल तर त्याचं जुनं बिल दिसलं पाहिजे का? व्यापाऱ्याला विचारा, तो म्हणेल दिसलंच पाहिजे आणि नावासकट. मग उत्तर कोडमध्ये नाहीच, नाव बिलाच्या टेबलमध्येच साठवायला हवं होतं. डॉक-कॉमेंटमध्ये, म्हणजे फंक्शनच्या वर लिहितो त्या टिपेत, खोटा टाइप लिहून टूलला फसवायचं तर अजिबात नको, ते तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं आणि पुढचा सगळा हिशोब त्या खोट्यावर करतं. अॅप लारावेल फ्रेमवर्कवर असेल तर लारास्टॅन हे त्याच्यासाठीचं पीएचपीस्टॅनचं एक्स्टेंशन बरोबर घ्या, नाहीतर मॉडेलच्या जादुई प्रॉपर्टीजवर उगाच एरर्स येत राहतील.

प्रश्न: आमचा फ्रंटएंड टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप्स लिहायची सोय असलेलं जावास्क्रिप्ट) आहे, स्ट्रिक्ट मोड चालू, एकही एरर नाही. तरी लाइव्हवर 1200 रुपयांच्या बिलात 50 रुपये हमाली मिळवली तर टोटल 1200.0050 दाखवतं! टाइप तर नंबर दिलाय. मग टाइपस्क्रिप्टचा उपयोग काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: तुमचा बॅकएंड पीएचपी आणि मायएसक्यूएल आहे का बघा, आणि रकमेचा कॉलम डेसिमल आहे का तेही. तसं असेल तर कारण हेच: पीएचपीला डेसिमल कॉलम स्ट्रिंग म्हणून मिळतो, तो तसाच जेसनमध्ये, म्हणजे ब्राउझरला डेटा पाठवायच्या मजकुरात, अवतरणचिन्हात जातो, आणि जावास्क्रिप्टमध्ये "1200.00" अधिक 50 म्हणजे बेरीज न होता जोडाजोड होते.

टाइपस्क्रिप्टनं हे पकडलं नाही कारण त्याला ते दिसलंच नाही. सर्व्हरकडून डेटा आणणाऱ्या फेचच्या रिस्पॉन्सवर जेसन हे फंक्शन बोलावलं की एनी, म्हणजे 'काहीही चालेल' असा टाइप मिळतो, आणि एनीला तुम्ही 'हे बिल आहे, रक्कम नंबर आहे' म्हणालात की ते मान डोलावतं. बिल्ड झाल्यावर तर टाइप्स पुसलेच जातात, ब्राउझरमध्ये फक्त साधं जावास्क्रिप्ट उरतं. बाहेरून डेटा जिथं आत येतो तिथं कुठलंही स्टॅटिक, म्हणजे कोड न चालवता तपासणारं, टूल आंधळं असतं, एपीआय असो, फॉर्म असो की लोकल स्टोरेज. म्हणून तिथं एनीऐवजी अननोन (तपासल्याशिवाय वापरू न देणारा टाइप) घ्या आणि झॉडसारख्या लायब्ररीनं चालत्या कोडमध्ये खरोखर तपासा, स्ट्रिंग आली तर तिथंच मोठ्यानं फुटू दे. त्या दारातून आत आलेल्या डेटावर मग टाइपस्क्रिप्टचा पहारा खरा. रकमेसाठी अजून एक, बॅकएंडमध्ये फ्लोट (दशांश संख्या) करून पाठवू नका, 1200 रुपये म्हणजे 120000 पैसे असा पूर्णांक पाठवा, पैशांच्या हिशोबात फ्लोट नकोच.

प्रश्न: स्टॅटिक अॅनालिसिस लावलं तर टेस्ट लिहिणं कमी करता येईल का? मॅनेजर तसं म्हणतायत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जावास्क्रिप्ट प्रोजेक्ट्समधले 400 जुने, दुरुस्त झालेले बग घेऊन बघितलं की टाइप्स लिहिले असते तर किती आधीच सापडले असते, फ्लो (जावास्क्रिप्टचे टाइप तपासणारं दुसरं टूल) आणि टाइपस्क्रिप्ट दोन्हीसाठी उत्तर आलं 15 टक्के. माझ्या मते 15 टक्के बग फुकटात थांबणं ही मोठीच गोष्ट आहे, पण उरलेले 85 मॅनेजरांना दाखवा. 18 टक्के जीएसटीच्या जागी 5 लावला तर दोन्ही नंबरच आहेत, टाइप एकदम बरोबर. कमी करता येतील त्या फक्त 'इथं स्ट्रिंग दिली तर काय' असल्या टेस्ट. हिशोबाच्या, सवलतीच्या, परवानग्यांच्या टेस्ट ठेवाच, आणि कोड गिटवर पुश केला की टेस्ट आणि स्टॅटिक अॅनालिसिस दोन्ही आपोआप चालतील असं लावून घ्या, एरर असेल तर मर्ज बंद. हाताने चालवायचं ठेवलं तर रिलीजच्या आदल्या रात्री, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, कुणी चालवत नाही.