रक्त थांबलं, पण घाई थांबत नाही: कोलायटिस आणि रोजचा प्रवास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अल्सरेटिव्ह कोलायटिसला (मोठ्या आतड्याला आतून दाह होऊन व्रण पडण्याचा आजार) चार वर्षं झाली, दाह कमी करणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या चालू आहेत, रक्त थांबलंय. पण सकाळी अचानक कळ येते, डोंबिवलीहून लोकल पकडायची धास्ती वाटते, दुपारपर्यंत अंग गळून जातं आणि डॉक्टर म्हणतात, छान चाललंय.

आधी डॉक्टरांना काय सांगता ते बदला. "दिवसातून तीनदा जावं लागतं" एवढंच ऐकलं तर कोणालाही ते ठीकच वाटेल. कळ आल्यावर किती मिनिटं धरवतं, रात्री झोपेतून उठावं लागतं का, बसल्यावर मल होतो की नुसता आव पडतो, या भीतीपोटी कुठे जाणं टाळलं, हे दोन आठवडे लिहून काढा आणि तो कागद पुढे ठेवा. याच कामासाठी आयबीडीक्यू नावाची ३२ प्रश्नांची प्रश्नावली आहे, तिची १० प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. २०२१ मध्ये आलेल्या स्ट्राइड-२ या आंतरराष्ट्रीय शिफारशींत जीवनमान पूर्ववत होणं हे उपचाराचं उद्दिष्टच धरलंय. तेव्हा ही तक्रार सांगताना संकोच नको.

मग मलातलं कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन, तपासून घ्या. ढोबळमानाने ते ग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतडं बहुधा शांत आहे, २५० च्या वर असेल तर दाह चालू आहे असं समजतात. मधल्या आकड्याला पुन्हा तपासणी. दरवेळी लॅब एकच ठेवा, कारण पद्धतीप्रमाणे आकडे बदलतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेत असाल तर आकडा त्यामुळेही चढतो. तशाही या गोळ्या कोलायटिसवाल्यांनी टाळाव्यात; अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं.

आकडा जास्त आला तर संशय गुदाशयावर, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागावर घ्या. घाई तिथून सुटते आणि तोंडाने घेतलेलं औषध नेमकं तिथेच कमी पोचतं. गोळीच्या जोडीला मेसालामाइनचीच १ ग्रॅमची सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची वडी) किंवा ४ ग्रॅमचा एनिमा (गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध) दिला की नुसत्या गोळ्यांपेक्षा फरक चांगला पडतो. आपल्याकडे लाजेपायी लोक हे औषध दोन दिवसांत सोडतात, आणि घोडं तिथेच अडतं. एनिमा झोपताना, शौचाला जाऊन आल्यावर घ्यायचा. बाटली हलवा, तळहातात धरून कोमट करा, डाव्या कुशीवर उजवा गुडघा पोटाशी घेऊन हळूहळू सोडा आणि अर्धा तास तसंच पडून राहा. थंड द्रव किंवा जोरात दाबलेली बाटली लगेच कळ आणते. सुरुवातीला एनिमा धरवतच नसेल तर काही दिवस सपोझिटरी किंवा फोम चालेल का, ते विचारा. औषधाचे डाग जात नाहीत, तेव्हा जुनी चादर अंथरा.

आकडा कमी असूनही घाई असेल तर दोन शक्यता जास्त. एक, दाह शमल्यावरही आतडं हळवं राहतं. त्याचा इलाज वेगळा, स्टेरॉइड वाढवून उपयोग नाही. दुसरी हमखास निसटते: मल वरच्या बाजूला साचतो आणि खाली आव घेऊन फेऱ्या होत राहतात. अशा वेळी जुलाब समजून ते थांबवणारं लोपेरामाइड घेतलं तर त्रास वाढतो. पोटाचा एक्स-रे काढून मल साचलेला दिसला तर पोट साफ करणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर बरं करते.

थकव्यासाठी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघा. दाह नसताना ३० च्या खाली, दाह असताना १०० च्या खाली फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता असू शकते. दाह चालू असेल किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर शिरेतून लोह देणं श्रेयस्कर. थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्वही एकदा बघून घ्या.

आता लोकल. डब्यात शौचालय नसतं, त्यामुळे वेळेचं गणित घरीच बसवावं लागतं. खाल्ल्यावर मोठं आतडं हलतं आणि सकाळी हा जोर सर्वांत जास्त असतो. म्हणून चहा-नाश्ता निघण्याच्या तासभर आधी उरका. स्टेशनवर गेल्यावर वडापाव आणि चहा म्हणजे कळ गाडीत येणार. उपाशी निघणं हा उपाय नव्हे, वजन घटतं. सुरुवातीला धीम्या गाडीने जा, मध्ये उतरता येतं. पिशवीत एक अंतर्वस्त्र, ओले वाइप्स, झिपची पिशवी, झिंक ऑक्साइड मलम असू द्या. वारंवार जाऊन त्वचा सोलवटली तर पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, मग मलम लावा.

पथ्याबद्दल घरचे फार छळतात. त्रास वाढला असेल तेवढ्या काळात मऊ भात, मुगाची खिचडी, दुधी, ताक घ्या. शांत काळात भाजी-भाकरी सुरू करा. दूध बाधत नसेल तर तेही सोडायचं कारण नाही.

दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप, ९० च्या वर नाडी किंवा घसरलेलं हिमोग्लोबिन असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि फाइलच्या पहिल्या पानावर पहिली लक्षणं कधी आली ते वर्ष लिहा: रोग गुदाशयाच्या वर गेलेला असेल तर त्या वर्षापासून आठव्या वर्षी कर्करोगाची पाळत म्हणून कोलोनोस्कोपी करावी लागते. तेव्हा काहीच त्रास नसला तरीही.