नवी रॅम टाकली आणि स्क्रीन काळीच?

भाऊ, लगेच एम. जी. रोडच्या दुकानात रॅम बदलायला पळू नकोस. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) चा मदरबोर्ड पहिल्यांदा चालू होताना मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे नव्या रॅमशी जुळवून घेतो, स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेवढ्यात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. सिडकोत पावसाळ्यात यूपीएस लावूनच बस.

चालू होऊन मधेच निळी स्क्रीन येत असेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद कर. पाकिटावर ६००० हा वेग छापलेला असला तरी तो ओव्हरक्लॉकच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त. मग रॅमची एकेक स्टिक (पट्टी), प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून, मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालव. एक जरी एरर आली तर तीच स्टिक वेगळ्या स्लॉटमध्ये तपास. तिथेही आली तर खुशाल परत कर. एकेकट्या पास, जोडीने नापास? बायोस अपडेट कर, क्यूव्हीएल, म्हणजे बोर्ड कंपनीने तपासलेल्या रॅमची यादी, बघ. आणि चार स्टिकचा हट्ट सोड, दोनचंच किट (एकत्र विकलेली जोडी) घे.