मागे कोणी उरलंच नाही, तर आठवण कोण ठेवणार?

तुमचा प्रश्न असा, की हिटलरच्या काळात एखाद्या गावातले ज्यू जवळजवळ सगळेच मारले गेले, तर त्यांची आठवण कोण ठेवतं, आणि नुसतं स्मारक बांधून भागतं का?

मी कामानिमित्त दोन वर्षं पोलंडमध्ये होते. तिथलं लुब्लिन शहर पाहिलंय, त्यावरूनच सांगते.

युद्धाआधी लुब्लिनमध्ये सुमारे ४३,००० ज्यू होते, म्हणजे शहरातला दर तिसरा माणूस. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांतल्या जवळपास २८,००० जणांना बेल्झेकच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. मग त्यांची घरं, गल्ल्या, सिनेगॉग, सगळं पाडलं. किल्ल्याच्या पायथ्याशी आज मोकळा चौक आहे. तिथे उभं राहिलं तर इथे कधी चूल पेटत होती हे सांगूनही खरं वाटत नाही.

जुन्या शहरातून त्या वस्तीत जायची वेस मात्र शाबूत आहे. ग्रोत्स्का वेस. १९९० च्या दशकात नाटकवाल्या मंडळींनी ती पडकी वास्तू हाती घेतली. ही माणसं बहुतेक ज्यू नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्यांचे वारस उरले नाहीत, त्यांचं सुतक शेजाऱ्यांनी धरलं. आत फडताळांतून ४३,००० फाइली लावल्यात, माणशी एक. काहींमध्ये फोटो, पत्ता, धंदा. काहींमध्ये फक्त नाव. काही कोऱ्याच, पण त्याही जागेवर आहेत. त्या माणसाची जागा दुसऱ्या कोणाला द्यायची नाही.

तिथलाच हेनिओ झितोमिरस्की. जन्म १९३३. जुलै १९३९ मधला त्याचा फोटो आहे, बँकेच्या दारात उभा, अर्धी चड्डी, चेहऱ्यावर हसू. १ सप्टेंबरला तो पहिलीत जाणार होता. त्याच दिवशी युद्ध सुरू झालं. १९४२ मध्ये मायदानेक छावणीत तो मारला गेला. दर १९ एप्रिलला शहरातली शाळकरी मुलं त्याला पत्रं लिहितात, ११, कोवाल्स्का रस्ता या पत्त्यावर. पोस्ट ती परत पाठवतं, पत्त्यावर असं कोणी नाही म्हणून. दहा वर्षांच्या पोराच्या हातात स्वतःचं पत्र तसं परत आलं, की त्याला जे कळतं ते संगमरवरी खांब दाखवून कळायचं नाही. नुसत्या स्मारकाने भागत नाही, असं माझं मत तिथेच झालं. एकेका माणसाचं नाव घ्यावं लागतं, आणि ते दरवर्षी घ्यावं लागतं.

कधी लुब्लिनला गेलात, तर वेशीपलीकडे पोद्वाले रस्त्यावर युद्धापूर्वीचा एक रस्त्यावरचा दिवा आहे. २००४ पासून तो रात्रंदिवस जळत ठेवलाय. दुपारी जा. रात्री तो बाकीच्या दिव्यांत ओळखू येत नाही.