सेवापुस्तक : गुप्त खातं आणि उघडे कागद

मागच्या अंकात केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांवर लिहिलं आणि या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं एकाच खात्याची निघाली. इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबीत असलेल्यांच्या घरून आलेली. आधी माझी बाजू सांगते. मी केंद्र सरकारच्या एका अगदी साध्यासुध्या कार्यालयातून, आस्थापना शाखेतून निवृत्त झाले. रजा, वेतननिश्चिती, गोपनीय अहवाल, पेन्शनचे कागद हा माझा संसार. हेरगिरीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण हेराचंही सेवापुस्तक असतं, त्यालाही एलटीसीचं, म्हणजे रजा प्रवास सवलतीचं, बिल भरावं लागतं, आणि त्याचाही अर्ज कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो. तेवढ्यापुरतं बोलते. पत्रांतले हुद्दे, कार्यालयांची नावं, पत्ते मी गाळले आहेत. का, ते पुढे कळेल.

प्रश्न : मुलीची आयबीत सिक्युरिटी असिस्टंट म्हणून निवड झाली आहे. चारित्र्य पडताळणीचा फॉर्म भरायचा आहे. कॉलेजात असताना फीवाढीविरुद्धच्या मोर्चात तिच्यासह बऱ्याच मुलांवर गुन्हा दाखल झाला होता, पुढे खटला मागे घेतला गेला. तिचे मामा म्हणतात, मिटलेलं उकरून काढू नका. दुसरं म्हणजे गावातलं मंडळ चौकात तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावणार आहे. हरकत नाही ना? (एक आई, सातारा जिल्हा)

मामांचं ऐकू नका. त्या फॉर्ममध्ये ‘सध्या खटला चालू आहे का’ एवढंच विचारलेलं नसतं. कधी अटक झाली होती का, कधी खटला भरला गेला होता का, असं ‘कधी’ घालून विचारलेलं असतं. खटला मागे घेतला तरी तो ‘कधी’त बसतोच. पोलिसांचा अहवाल आला की आम्ही तो आणि उमेदवाराचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवून वाचायचो. गुन्हा किती मोठा याच्याआधी नजर जायची ती दोन्ही कागद जुळतात का यावर.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा २०१६ चा निकाल आहे. कोवळ्या वयात घोषणा देणं यासारखी किरकोळ बाब असेल तर ती लपवली तरीही नियुक्ती अधिकारी दुर्लक्ष करू शकतो, असं त्यात म्हटलंय. पण ‘करू शकतो’ म्हणजे करेलच असं नाही. ती त्याची मर्जी. आणि खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी, असंही न्यायालय म्हणत नाही. तरी खरं सांगणाऱ्याचा पाय घट्ट असतो. पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलमं, खटला कधी मागे घेतला हे सगळं लिहा आणि कोर्टाच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल जोडा. जागा पुरत नसेल तर वेगळा कागद लावा. फॉर्म दिल्यानंतर काही घडलं तर तेही ताबडतोब कळवायचं असतं, एवढं तिच्या कानावर घाला.

फ्लेक्स मात्र आजच थांबवा. भरतीची जाहिरात गृह मंत्रालयाच्या वेबसाइटवर उघड येते, त्यामुळे नोकरी लागली यात लपवण्यासारखं काही नाही. पण मुलीचा फोटो, नाव आणि खात्याचं नाव दोन महिने चौकात लटकणार, त्याचे फोटो मोबाइलवर फिरणार, आणि उद्या तिला कुठे, कुठल्या कामावर पाठवतील ते तुम्हालाही ठाऊक नसणार. मंडळाला पेढे द्या.

प्रश्न : माझे यजमान आयबीत आहेत, पूर्वोत्तरात पोस्टिंगला तीन वर्षं झाली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. बदलीचा अर्ज दोनदा दिला, उत्तर नाही. वरिष्ठ म्हणतात, ‘आपल्या खात्यात युनियन नाही, आरटीआय नाही, कोर्ट नाही.’ खासदार आमच्या ओळखीचे आहेत. त्यांची चिठ्ठी घेऊ की मी स्वतःच मंत्रीमहोदयांना पत्र लिहू? (एक पत्नी, लातूर)

वहिनी, दोन्ही नको. खासदारांची चिठ्ठी हा आपल्याकडचा रामबाण समजतात, पण वर्तणूक नियमांतल्या नियम २० नुसार सेवेच्या बाबतीत बाहेरचं वजन आणणं हाच गैरवर्तनाचा मुद्दा होतो, आणि चिठ्ठी नेमकी तुमच्या यजमानांच्या फाईलला लागते. बायकोच्या किंवा आईवडिलांच्या सहीने आलेल्या अर्जांकडेही कार्मिक विभाग त्याच नजरेने बघतो. अर्ज त्यांचा, सही त्यांची, आणि रस्ता वरिष्ठांमार्फतच.

वरिष्ठांनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली खरी आहे, दुसरी बरीचशी खरी आहे, तिसरी साफ खोटी.

युनियन नाही, हे खरं. १९८० च्या आगेमागे आयबी आणि रॉ (परदेशातली हेरगिरी बघणारी संस्था) या दोन्ही संस्थांत कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या, रॉमध्ये तर संपापर्यंत गेलं. त्यानंतर १९८४ च्या ५० व्या घटनादुरुस्तीने, मूलभूत हक्कांना कात्री लावू देणाऱ्या अनुच्छेद ३३ मध्ये गुप्तचर संस्थांचे कर्मचारी आले, आणि १९८५ मध्ये त्यांचे हक्क मर्यादित करणारा खास कायदा झाला. संघटना नाही, वर्तमानपत्रांशी बोलणं नाही. शिवाय संस्थेची रचना, तिथली माणसं, तिथला कारभार यांबद्दल कामाशिवाय बाहेरच्या कुणाशीही बोलायचं नाही. आता कळलं ना, मी हुद्दे का गाळले? तुमच्या पत्रात यजमानांचं पद, कार्यालय आणि साहेबांचं नाव, सगळं होतं. पुन्हा कुणालाही असं लिहू नका, मलासुद्धा.

आरटीआयचं म्हणाल तर २००५ च्या कायद्याच्या कलम २४ ने दुसऱ्या अनुसूचीतल्या संस्थांना वगळलंय. त्यात आयबी आहे, रॉ आहे. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचं उल्लंघन असा आरोप असेल तरच दार किलकिलं होतं. माझ्या अर्जाचं काय झालं, याला ते दार उघडत नाही.

पण कोर्ट? केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला आपण कॅट म्हणतो, त्याच्या कायद्यातून सैन्यदलं आणि केंद्राची सशस्त्र दलं वगळली आहेत. आयबीचा मुलकी कर्मचारी वगळलेला नाही. तिथे जाण्याआधी खात्याकडे रीतसर निवेदन द्यावं लागतं. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या एका वर्षात दाद मागता येते. कर्मचारी जिथे नेमणुकीवर असेल तिथलं खंडपीठ, म्हणजे तुमच्या बाबतीत गुवाहाटी. मुंबईच्या वकिलाला आगाऊ रक्कम देऊन बसू नका. अर्थात मी लगेच कॅटमध्ये जा म्हणत नाही. बदली हा हक्क नाही, न्यायालयं त्यात सहसा हात घालत नाहीत, आणि एकदा साहेबांविरुद्ध गेलं की त्याच साहेबांच्या हाताखाली दिवस काढायचे असतात.

आधी एक कागद काढा : वित्त मंत्रालयाचं १४ डिसेंबर १९८३ चं कार्यालयीन ज्ञापन, म्हणजे सगळ्या खात्यांना धाडलेलं सूचनापत्र. पूर्वोत्तरात नेमणूक झालेल्या केंद्रीय मुलकी कर्मचाऱ्यांसाठी ते आहे. सेवा दहा वर्षांपर्यंत असेल तर तिथला कार्यकाळ तीन वर्षं, दहा वर्षांहून जास्त असेल तर दोन. तो पुरा झाला की शक्य तितपत पसंतीच्या ठिकाणाचा विचार करावा, असं त्यात आहे. ‘शक्य तितपत’ ही सरकारी पळवाट आहेच, पण ज्ञापनाचा क्रमांक आणि तारीख टाकून आलेला अर्ज कारकुनाला नुसता बाजूला सारता येत नाही, त्यावर टिपणी लिहावी लागते. आणि टिपणी लिहिली की फाईल हलते.

त्याच ज्ञापनात एक खाच आहे, तिथे बहुतेकांचं गणित चुकतं. वर्षाला पंधरा दिवसांपेक्षा जास्त घेतलेली रजा या कार्यकाळात धरत नाहीत. सासूबाईंच्या आजारपणासाठी यजमान महिना-महिना गावी येऊन राहिले असतील तर तुमच्या कॅलेंडरवर तीन वर्षं झाली असली तरी कार्यालयाच्या हिशोबात ती झालेली नाहीत. रजेचा खातेउतारा मागून आधी दिवस मोजा. मग अर्ज करा. पसंतीची तीन ठिकाणं द्या, फक्त ‘लातूरजवळ’ असं नको. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र जोडा, आणि पोच घ्या, शिक्क्यासह.

गुप्ततेच्या नावाखाली आस्थापना शाखेचा आळस झाकला जातो, हे मला पटत नाही. माहिती कुठून आली हे गुप्त. अर्ज कोणत्या तारखेला आला आणि कुणाकडे अडकलाय, यात गुप्त काय? उलट जिथे युनियनचा पुढारी दारात येत नाही, आरटीआयचा अर्ज येत नाही, पत्रकार विचारत नाही, तिथे त्या टेबलावरच्या माणसाने स्वतःहून जास्त काटेकोर असायला हवं.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. गुप्तचर संस्थेतल्या अधिकाऱ्याला चौकशीशिवाय घरी पाठवता येतं, हे खरं का? (पुणे)

येतं. दोन वेगळे रस्ते आहेत, परीक्षेत त्यांची सरमिसळ करू नकोस. राज्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने चौकशी घेणं इष्ट नाही असं राष्ट्रपतींना वाटलं तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११(२)(c) खाली बडतर्फी होऊ शकते. ही कुठल्याही केंद्रीय मुलकी कर्मचाऱ्याला लागू आहे. दुसरा रस्ता फक्त रॉचा : त्यांच्या १९७५ च्या सेवा नियमांतला नियम १३५. गुप्तचर अधिकारी म्हणून ओळख उघड झाली, किंवा सुरक्षेच्या कारणाने संस्थेत काम देता येत नाही, तर सक्तीची निवृत्ती. ही शिक्षा नाही, पेन्शन मिळतं.

एप्रिल २०२० मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुळातून वाच. एका महिला अधिकाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली. तक्रार नीट हाताळली गेली नाही, प्रकरण बाहेर आलं, वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि ओळख उघड झाली म्हणून नियम १३५ लावून तिलाच निवृत्त केलं. न्यायालयाने नियम वैध ठरवला, निवृत्ती कायम ठेवली. पण तक्रार ज्या तऱ्हेने हाताळली गेली त्याबद्दल तिला एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कायद्याच्या चौकटीत निकाल बसतो. तरीही मी आयुष्यभर या शाखेत बसलेली बाई म्हणून वाचते तेव्हा मला वेगळंच दिसतं. पहिल्या तक्रारीवर वेळेत, नियमाप्रमाणे समिती बसली असती तर पुढचं कदाचित काहीच झालं नसतं. एक लाख रुपयांत अशी कारकीर्द मोजली जाते का, हे तुझ्या वर्गात विचार.

प्रश्न : मी अशाच एका संस्थेतून निवृत्त झालो. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहिल्या आहेत. कामगिऱ्यांबद्दल एक अक्षर नाही. फक्त बदल्या, बढत्या, साहेब लोकांचे स्वभाव, कँटीन. छापायला हरकत काय? (नाशिक)

हरकत नेमकी त्याचीच आहे, काका. पेन्शन नियमांत मे २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार आरटीआयच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या संस्थांच्या निवृत्तांना संस्थेच्या कार्यक्षेत्राशी संबंधित काहीही छापायला संस्थाप्रमुखांची आधी परवानगी लागते. त्यात तिथल्या कुणाही माणसाचा उल्लेख, त्याचा हुद्दा आणि तिथे काम करून मिळालेलं ज्ञानसुद्धा आलं. म्हणजे साहेबांचे स्वभाव आले. त्यासाठी हमीपत्र घेतात, आणि मोडलं तर पेन्शन थांबू शकतं.

मला ही व्याख्या फार सैल वाटते. माणसाने तीस-पस्तीस वर्षं जे काम केलं तेच ज्ञान वजा केलं तर लिहायला उरतं काय? पण माझ्या वाटण्यावर तुमचं पेन्शन पणाला लावू नका. पूर्ण हस्तलिखित अर्जासोबत पाठवा, पोच जपून ठेवा, आणि उत्तर येईपर्यंत संपादकांना चाळायलाही देऊ नका. यंदाची दिवाळी बहुधा चुकेल. तोवर कँटीनचं प्रकरण हाती घ्या. माणसं आणि हुद्दे काढून त्याची कथा होते का, ते बघा.

प्रश्न : भाऊ आयबीत आहे. आमच्या सोसायटीने त्याला सेक्रेटरी व्हायचा आग्रह धरलाय. (ठाणे)

निवडून यायचं पद असेल तर खात्याची लेखी परवानगी आधी. गणपतीच्या आरतीला उभं राहायला लागत नाही, पाण्याच्या टाकीवरून भांडायला कदाचित लागेल. मी असते तर परवानगी मागितली नसती, पार्किंगचे वाद दुसऱ्या कुणाला मिटवू दिले असते.