जुन्या रेडिओचा हरवलेला स्क्रू

प्रश्न : आमच्या घरी ब्रिटिश बनावटीचा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आहे. लाकडी पेटीच्या तळातून चॅसिस (रेडिओचे भाग ज्यावर बसवलेले असतात तो धातूचा सांगाडा) आवळून धरणाऱ्या चार स्क्रूंपैकी दोन हरवले आहेत. हार्डवेअरच्या दुकानातून ३ मिलिमीटरचा स्क्रू आणला, तर तो भोकात खुळखुळतो आणि ४ मिलिमीटरचा आत शिरतच नाही. उरलेल्या स्क्रूची जाडी कॅलिपरवर ३.५ मिलिमीटर भरते. हा स्क्रू कोणता आणि तो कोठे मिळेल?
– एक वाचक, कराड

उत्तर : आपण जुना स्क्रू मोजून पाहिला हे उत्तम झाले. मात्र नुसत्या जाडीवरून त्याची ओळख पटणार नाही, कारण साडेतीन मिलिमीटरच्या आसपास तीन निरनिराळ्या पद्धतींचे स्क्रू येतात : मेट्रिक पद्धतीचा एम ३.५, अमेरिकी पद्धतीचा ६-३२ आणि जुन्या ब्रिटिश पद्धतीचा ४ बीए. यांपैकी ४ बीएचे ठरलेले माप ३.६ मिलिमीटर आहे, परंतु वापरलेला स्क्रू मोजमापात थोडा कमीच भरतो. खरा फरक आट्यांमध्ये असतो. स्टीलच्या पट्टीशेजारी स्क्रू ठेवून मोबाइलने जवळून छायाचित्र काढावे, ते मोठे करावे आणि एका आट्याच्या माथ्यापासून पुढच्या दहाव्या आट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर पाहावे. ते ६ मिलिमीटर असेल तर स्क्रू एम ३.५ आहे, ६.६ असेल तर ४ बीए आणि जवळजवळ ७.९ असेल तर ६-३२. स्क्रू आखूड असल्यास पाच आट्यांचे अंतर घेऊन दुप्पट करावे.

रेडिओ ब्रिटिश असल्याने आपला स्क्रू ४ बीए असावा असे मला वाटते. ‘बीए’ म्हणजे ब्रिटिश असोसिएशन. या संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारीक स्क्रूंसाठी ही मापे पुरस्कारली आणि पुढे रेडिओ, विद्युत मीटर, टेलिफोनची यंत्रे अशा असंख्य ब्रिटिश उपकरणांत ती रुळली. या पद्धतीची रचना मोठी सुबक आहे. ० बीए हा स्क्रू ६ मिलिमीटर जाडीचा आणि १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा; त्यानंतर प्रत्येक क्रमांकाला आट्यांमधले अंतर आधीच्या ०.९ पट होत जाते, म्हणून क्रमांक वाढतो तसा स्क्रू बारीक होतो. आट्यांचा कोन मात्र ४७.५ अंश आहे, तर मेट्रिक आणि अमेरिकी स्क्रूंचा ६० अंश. त्यामुळे जवळच्या मापाचा दुसरा स्क्रू एक-दोन फेरे गेला तरी तो बसला असे समजू नये. जोर लावल्यास तो मूळचे आटे कापतो आणि मग योग्य स्क्रू मिळूनही पकड राहत नाही.

मुंबईत नट-बोल्टच्या व्यापारासाठी नागदेवी स्ट्रीट प्रसिद्ध आहे; तेथे नमुना दाखवून ‘४ बीए’ असे स्पष्ट नाव घेऊन विचारावे. तरीही माझा अधिक भरवसा जुन्या सामानावर आहे. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार येथे मोडीत निघालेला ब्रिटिश रेडिओ अथवा मीटर मिळाला, तर एकाच सांगाड्यातून योग्य आट्यांचे आणि त्याच काळातल्या डोक्यांचे स्क्रू हाती येतात. ब्रिटनमध्ये छोटी वाफेची इंजिने बनवणाऱ्या हौशी कारागिरांसाठी बीए स्क्रू अजूनही नवे विकले जातात, त्यामुळे तिकडे कोणी नातेवाईक असल्यास तोही मार्ग आहे. लांबी सांगताना सपाट बसणाऱ्या शंकूच्या डोक्याचा स्क्रू डोक्यासकट मोजतात आणि उंच डोक्याचा डोक्याखालून, हे ध्यानात असू द्यावे.

स्क्रूच्या टोकाला सुटा नट असेल, तर एम ३.५चा स्क्रू त्याच्याच नटासह बसवता येईल. ब्रिटनमध्ये विजेच्या स्विचबोर्डांच्या पेट्यांत ४ बीएची जागा पुढे एम ३.५नेच घेतली. आटे चॅसिसमध्येच पाडलेले असतील, तर भोक वाढवून ४ मिलिमीटरचे नवे आटे पाडण्याचा सल्ला काही मेकॅनिक देतात. तो आपण मानू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूळचे आटे एकदा गेले की परत येत नाहीत, आणि दोन स्क्रू मिळेपर्यंत थांबण्याने रेडिओचे काही बिघडत नाही.

मात्र तोवर तो विजेला जोडू नये. एसी आणि डीसी अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालणाऱ्या अनेक जुन्या संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिस थेट विजेच्या एका तारेशी जोडलेले असते, त्यामुळे तळाच्या स्क्रूंना हात लागला तरी विजेचा झटका बसू शकतो. म्हणूनच अशा स्क्रूंची डोकी खोलगट जागेत बसवून मेणाने झाकत असत. आपल्या रेडिओत तशी खोबण असेल, तर नव्या स्क्रूचे डोके तिच्या बाहेर येणार नाही असेच निवडावे आणि स्क्रू आवळल्यावर ती खोबण पुन्हा मेणाने बुजवून घ्यावी.