परदेशातले संघ बाहेरगावच्या चाहत्यांना तिकीट नाकारतात, तसा नियम इंदूरलाही हवा का?

नाकारतात, तेही उघडपणे. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या सिएटल सीहॉक्स संघाने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्याची तिकिटं कार्डाचा बिलिंग पत्ता बघून विकली. आसपासची मोजकी राज्यं आणि कॅनडाचे दोन प्रांत चालतील. कॅलिफोर्नियाचा पत्ता दिसला की ऑर्डर रद्द, पैसे परत. पण ही चाळणी पहिल्याच विक्रीला लागते. सिएटलमधल्या मेव्हण्याचं कार्ड वापरलं किंवा दुसऱ्याकडून तिकीट घेतलं की चाळणी संपली. भाव तेवढा चढतो.

इंग्लंडवाले शहाणे. तिथल्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगमध्ये यजमानाला पाहुण्या क्लबसाठी 3,000 जागा काढाव्याच लागतात, मैदान 30 हजारांच्या आतलं असेल तर 10 टक्के. 2016-17 पासून त्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा आहे. ती तिकिटं पाहुणा क्लब आपल्याच लोकांना विकतो, म्हणून कोण कुठे बसलंय ते कळतं. गेट वेगळं, आणि शेजारच्या प्रेक्षकांपासून तोडायला मध्ये जाळी टाकून रिकाम्या ठेवलेल्या खुर्च्यांचा पट्टा. त्या खुर्च्यांचा तोटा यजमानाच्या माथी.

आता इंदूर. होळकर स्टेडियम साधारण 27 हजारांचं, म्हणजे त्या हिशेबाने 2,700 जागा. पण द्यायच्या कोणाला? 2011 मध्ये कोचीचा आणि 2017, 2018 मध्ये पंजाबचा आयपीएल संघ इथे ‘घरचे’ सामने खेळून गेला. मग बाहेरचा कोण, देवासचा की उज्जैनचा?

‘आधी इंदूरकर’ म्हणणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. 24 ऑक्टोबर 2018 चा वेस्ट इंडीजविरुद्धचा वनडे आठवा. बोर्डाच्या नव्या घटनेप्रमाणे 90 टक्के तिकिटं विक्रीला, फुकट पास उरलेल्या दहांत. त्या दहांतला वाटा कोणाला किती, यावर बोर्ड आणि राज्य संघटनेचं जुळेना, आणि सामना गेला विशाखापट्टणमला. कोहलीच्या नाबाद 157, वनडेतल्या त्याच्या 10 हजार धावा पूर्ण, वर सामना टाय! हे सगळं आपल्याकडे व्हायचं होतं. बाहेरगावच्या एकाही प्रेक्षकाचा त्यात हात नव्हता. पत्ते तपासायचेच असतील तर आधी पासवाल्यांचे तपासा.

हां, जिथे गोळ्या चालतात तिथली गोष्ट निराळी. अर्जेंटिनाने 2013 मध्ये एका चाहत्याच्या मृत्यूनंतर फुटबॉल सामन्यांना पाहुण्या संघाच्या चाहत्यांना बंदी घातली, त्यावर मी बोलणार नाही. आणि इंग्लंडला जाणार असाल तर दुसऱ्याकडून तिकीट घेताना बाजू बघून घ्या. घरच्यांच्या स्टँडमध्ये पाहुण्या संघाचा स्कार्फ दिसला, तर तिकीट असूनही बाहेर काढतात.